बंदुकीचा बार फुसका का जातो? 'क्लिक' झालं, 'ठो' झालं नाही, तर बिघाड शोधायचा कसा?

यूट्यूबवर किंवा रील्समध्ये रायफलचे व्हिडिओ पाहत असाल, तर हे दृश्य तुमच्या नजरेखालून गेलंच असेल. माणूस नेम धरतो, चाप ओढतो आणि 'ठो' ऐवजी नुसतं 'क्लिक' होतं. तो हसतो, लगेच बोल्ट मागे ओढून काडतूस बाहेर फेकतो आणि व्हिडिओ पुढे जातो. खाली कमेंट येतात, "फुसका निघाला!"

त्या व्हिडिओतली सगळ्यात धोक्याची गोष्ट कोणती, सांगू? ते लगेच बोल्ट ओढणं. कारण आवाज झाला नाही म्हणजे बार मेला, असं नसतं. कधी कधी तो फक्त उशीर करत असतो.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. 'चालायला हवं होतं, पण चाललं नाही' याचं कारण शोधणं हे माझं रोजचं काम. गाव अनसिंग, जिल्हा वाशीम. आमच्याकडे रोही आणि रानडुकरं सोयाबीन-तुरीत शिरतात, त्यामुळे रात्रीची जागल आणि ठासणीच्या बंदुकीच्या गोष्टी लहानपणापासून कानावर असतातच. म्हणून आज हा विषय डीबगिंगच्या नजरेने पाहू: काडतूस चालतं कसं, चालत नाही तेव्हा बिघाड कुठे असतो, आणि त्या क्षणी काय करायचं.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. हा लेख काडतूस बनवायला शिकवत नाही. भारतात परवान्याशिवाय ते करणं गंभीर गुन्हा आहे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

आधी समजून घेऊ: काडतुसात असतं काय?

रायफलच्या काडतुसाचे चार भाग असतात.

१. पितळी नळकांडं, म्हणजे केस. बाकी सगळं यात बसतं.
२. पुढे बसवलेली गोळी.
३. आत भरलेली दारू. (प्यायची नाही, जळायची!)
४. बुडाला मध्यभागी बसवलेली छोटी टोपी, म्हणजे प्रायमर.

यातली टोपी समजली की अर्धा विषय समजला. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल सगळ्यांनीच वाजवलंय. टिकलीवर घोडा आपटला की 'टप्प' होतं. प्रायमर म्हणजे तशीच एक टिकली, फक्त धातूच्या वाटीत बंद केलेली. वाटीत दणका बसला की पेटणारं रसायन असतं आणि त्याच्यासमोर एक छोटी धातूची ऐरण असते. बंदुकीची पिन वाटीवर आदळते, रसायन वाटी आणि ऐरणीच्या मध्ये चिरडलं जातं आणि ज्वाळा निघते. ती ज्वाळा केसच्या बुडातल्या बारीक छिद्रातून आत जाते, दारू पेटते, गॅसचा दाब वाढतो आणि गोळी नळीतून सुटते.

हे सगळं साधारणपणे काही मिलिसेकंदांत उरकतं. तुमचा फोन ६० फ्रेमने व्हिडिओ घेत असेल तर एक फ्रेम जवळपास १७ मिलिसेकंदांची असते. म्हणजे चाप सुटण्यापासून गोळी बाहेर पडेपर्यंतची सगळी गोष्ट एका फ्रेममध्ये संपते. म्हणूनच 'क्लिक' नंतरचा एक सेकंदसुद्धा खूप मोठा वाटतो आणि माणूस धरून चालतो की आता काही होणार नाही.

ही दणक्याने पेटणारी कल्पना आली कुठून, तर अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याकडून. त्याला पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. त्या काळच्या चकमकीच्या बंदुकीत आधी बाहेरची दारू भपकन पेटायची आणि मग आतला बार उडायचा. तेवढ्यात पक्षी भुर्र! त्यावर उपाय म्हणून त्याने दणक्याने पेटणारं रसायन वापरलं आणि १८०७ मध्ये पेटंट घेतलं. आजचा प्रायमर त्याच कल्पनेचा पणतू आहे.

'क्लिक' झालं तर पहिल्यांदा काय करायचं?

कारण नंतर शोधू, आधी जीव. शूटिंग रेंजवर शिकवला जाणारा नियम सोपा आहे.

१. नळी जिथे रोखली होती तिथेच, सुरक्षित दिशेला ठेवा. वळून कोणाला सांगायला जाऊ नका. वळलात की नळीही वळते.
२. बोट चापावरून काढा.
३. किमान ३० सेकंद थांबा. ठासणीची बंदूक असेल तर किमान एक मिनिट.
४. मग तोंड बाजूला ठेवून बोल्ट उघडा आणि काडतूस काढून वेगळं ठेवा. रेंजवर असाल तर तिथल्या अधिकाऱ्याला सांगा.
५. नळी मोकळी आहे याची खात्री झाल्याशिवाय पुढचं काडतूस घालू नका.

हे ३० सेकंद कशासाठी? कारण फुसका बार तीन प्रकारचा असतो आणि बाहेरून तिन्ही लवकर ओळखू येत नाहीत.

मिसफायर: काहीच पेटलं नाही. यातल्या त्यात बरा प्रकार.

हँगफायर: पेटलंय, पण संथ. 'क्लिक' आणि 'ठो' यात अंतर पडतं. बहुतेक वेळा ते सेकंदाचा छोटा भाग असतं, पण तुम्ही त्याच वेळी बोल्ट उघडलात तर पितळी केसला नळीचा आधार राहत नाही आणि ती तोंडासमोर फुटते.

स्क्विब: टोपी उडाली, पण दारू नव्हती किंवा अगदी कमी होती. 'ठो' ऐवजी 'फुस्स' किंवा 'टप्प' होतं. गोळी थोडी पुढे सरकते आणि नळीतच अडकते. आता पुढचा बार उडवलात तर मागून येणारी गोळी अडकलेलीवर आदळते आणि नळी फुटते. माझ्या मते तिन्हींत हा सगळ्यात कपटी, कारण बंदूक दिसायला ठणठणीत असते.

म्हणून लक्षात ठेवा: आवाज वेगळा आला, धक्का कमी बसला, तरी थांबायचं.

हाताने भरलेल्या काडतुसांत बार फुसके का जातात?

अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका अशा देशांत बरेच नेमबाज वापरलेली पितळी केस फेकत नाहीत. परवानगी असते तिथे ते ती साफ करतात, पुन्हा मापात आणतात आणि नवी टोपी, दारू, गोळी बसवतात. खर्च वाचतो, आणि आपल्या रायफलला सूट होईल असं काडतूस मिळतं. पण कारखान्यातली तपासणीची साखळी इथे नसते. तपासणारा एकच माणूस, तो स्वतः.

अशा काडतुसाने दगा दिला की अनुभवी माणूस आधी काय बघतो? वापरलेल्या टोपीवरचा खळगा. आपल्यासाठी जशी लॉग फाइल, तसा त्याच्यासाठी हा खळगा.

खळगा नाहीच: पिन टोपीपर्यंत पोचलीच नाही. पिन तुटलीय, अडकलीय किंवा बोल्ट नीट बंद झाला नव्हता. काडतुसाला दोष देऊ नका, दोष बंदुकीत आहे.

खळगा उथळ: दणका कमी पडला. याची कारणं अनेक. पिनची स्प्रिंग थकलेली असेल, बोल्टमध्ये जुनं तेल घट्ट होऊन मळ साचला असेल. पण हाताने भरलेल्या काडतुसात एक खास कारण असतं. केस मापात आणताना तिचा खांदा गरजेपेक्षा जास्त मागे दाबला गेला, तर काडतूस चेंबरमध्ये सैल बसतं. पिन आदळली की ते आधी पुढे सरकतं आणि दणक्याचा जोर त्यातच जातो. चार्जिंगचं सॉकेट सैल झालेला फोन आठवा. पिन आत आहे, पण टेकत नाही. अगदी तसंच. चेंबरमधल्या या मापाला हेडस्पेस म्हणतात.

खळगा बाजूला: पिन मध्यभागी बसत नाहीये. जुळणीतला दोष.

खळगा चांगला खोल, तरी टोपी मुकी: आता संशय टोपीवर. ती ओलावली असेल, तेलात भिजली असेल किंवा बसवताना इतकी दाबली गेली असेल की आतली रसायनाची वडी भुगा होऊन ऐरणीवरून सुटली.

पहिल्या वेळी मुकी, दुसऱ्या दणक्याला उडाली: ही सगळ्यात नेहमीची खूण. टोपी खोबणीत पूर्ण खाली बसलेली नव्हती. पहिल्या दणक्याने ती फक्त खाली बसली, दुसऱ्याने उडाली. नीट बसलेली टोपी केसच्या बुडाच्या पातळीपेक्षा किंचित आत असते, साधारण ०.१ मिलिमीटर. बोट फिरवलं तर उंचवटा लागता कामा नये.

टोपी उडाली, दारू पेटली नाही: आता छिद्र आणि दारू तपासायची. केस साफ करताना अक्रोडाच्या सालीचा किंवा मक्याच्या कणसाचा भुगा वापरतात. त्यातला एखादा दाणा नेमका छिद्रात अडकून बसतो. पाण्याने धुतलेली केस पूर्ण वाळली नसेल तर दारू ओलावते. आणि कधी कधी तर दारू घालायचीच राहून गेलेली असते! म्हणून शिस्तीने काम करणारे लोक गोळी बसवण्याआधी सगळ्या केस ओळीत उभ्या करून टॉर्चने प्रत्येकीत डोकावतात. पाच मिनिटांचं काम, पण स्क्विब तिथेच पकडला जातो.

बिघाड बंदुकीत की काडतुसात?

कोड लिहिणाऱ्यांना हा भाग ओळखीचा वाटेल. दोन गोष्टींवर संशय असेल तर एक बदला, दुसरी तशीच ठेवा.

त्याच रायफलमध्ये कारखान्याची काडतुसं नीट चालत असतील, तर दोष तुमच्या भरणीत आहे. कारखान्याचीही अडत असतील, तर बंदूक दुरुस्तीला न्या. दोन्ही गोष्टी एकदम बदलल्या आणि अडचण गेली, तर ती कशाने गेली हे कधीच कळत नाही, आणि न कळलेला बिघाड परत येतो.

दुसरा प्रश्न: शंभरातलं एक अडतंय की दहातली तीन? एखादंच अडत असेल तर तेवढ्या केसचा दोष असू शकतो. ठरावीक डब्यातली अडत असतील तर त्या दिवशीचं काम किंवा टोप्यांचा तो लॉट तपासायचा. यासाठी नोंद लागते: कुठल्या लॉटची टोपी, कुठली दारू, कधी भरली, केस कितव्यांदा वापरली. थोडक्यात, कमिट हिस्टरी. ती ज्याच्याकडे नसते तो अंदाजाने दुरुस्ती करतो.

कारखान्यात टोप्यांची तपासणीही अशीच पद्धतशीर असते. ठरलेल्या वजनाचा पोलादी गोळा वेगवेगळ्या उंचीवरून पिनवर सोडतात. कुठल्या उंचीला सगळ्या टोप्या उडतात आणि कुठल्या उंचीला एकही उडत नाही, हे नमुन्यांवरून काढतात. टोपी जास्त नाजूक असेल तर हाताळताना उडेल, जास्त निबर असेल तर लागेल तेव्हा उडणार नाही.

असं काम आपल्या राज्यात दीडशे वर्षांहून जास्त काळ चाललंय. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ मध्ये सुरू झाला. भुसावळजवळच्या वरणगावच्या कारखान्यात रायफलची काडतुसं बनतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून हे कारखाने म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहेत आणि तिचं मुख्यालय पुण्यातच आहे.

स्वप्नील कुसाळेच्या रायफलचं काय?

१ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक जिंकलं. त्या प्रकारात ५.६ मिलिमीटरची म्हणजे पॉइंट २२ रायफल असते.

गंमत अशी की पॉइंट २२ च्या काडतुसात वेगळी टोपीच नसते. पेटणारं रसायन केसच्या बुडाच्या काठात, आतल्या बाजूने पसरवलेलं असतं आणि पिन काठावर आदळते. पातेल्याच्या दुमडलेल्या काठात काहीतरी भरावं तसं. एखाद्या ठिकाणी रसायन पसरलं नसेल आणि पिन नेमकी तिथेच आदळली, तर बार फुसका. तेच काडतूस थोडं फिरवून घातलं की बऱ्याचदा चालतं, कारण आता पिन दुसऱ्या जागी बसते. दणक्याने काठ एकदा चेपला की केस पुन्हा वापरता येत नाही, त्यामुळे ही काडतुसं घरी भरण्याचा प्रश्नच येत नाही. मोठे नेमबाज मग वेगवेगळे लॉट आपल्या रायफलमधून तपासतात आणि जो जमतो तो लॉट जपून ठेवतात.

आणि आमच्याकडची ठासणीची बंदूक?

आपल्याकडे खऱ्या अर्थाने हाताने भरली जाते ती हीच. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याचा स्पष्ट उल्लेख आहे. विदर्भातल्या जुन्या शेतकऱ्यांना ही बंदूक चांगली माहीत आहे.

नळीच्या तोंडातून काळी दारू, मग डाट, मग छर्रे, आणि प्रत्येक वेळी गजाने ठासणं. मागे एक छोटी पोकळ कांडी असते, तिच्यावर टोपी बसवायची. इथे बार फुसका जाण्याची मुख्य कारणं तीन. कांडीचं छिद्र मळाने बुजलेलं असतं. साफसफाईनंतरचं तेल आत राहून दारू भिजते. आणि तिसरं पावसाळा. काळी दारू जळाल्यावर जी काजळी उरते ती हवेतला ओलावा ओढून घेते. श्रावणातल्या जागलीत भरून ठेवलेली बंदूक सकाळी मुकी निघाली तर नवल नाही.

पण खरा धोका वेगळाच आहे. ठासणीच्या बंदुकीत भरलंय की नाही हे बाहेरून दिसत नाही. बार फुसका गेला, गडबडीत ते ध्यानात आलं नाही आणि वरून दुसरा बार ठासला, तर? अमेरिकेतल्या गेटिसबर्गच्या १८६३ च्या लढाईनंतर मैदानातून सुमारे २७ हजार बंदुका गोळा झाल्या. तिथल्या नोंदींनुसार त्यातल्या जवळपास २४ हजार भरलेल्याच होत्या, आणि सुमारे १२ हजारांत एकावर एक दोन बार ठासलेले होते. त्या कोलाहलात आपला बार उडाला की नाही हे अनेक सैनिकांना कळलंच नसावं. शांत शेतात एकच बंदूक असली तरी अंधारात, झोपेत आणि डुकराच्या मागे धावताना तेच होऊ शकतं.

म्हणून यात डोकावून बघणं, कांडीत फुंकर मारणं, 'उडत नाही' म्हणून नळीवर हात ठेवून उभं राहणं, यातलं काहीच करायचं नाही. एक मिनिट थांबायचं, नळी सुरक्षित दिशेला ठेवायची. तरीही उडाला नाही तर जाणकार बंदूक दुरुस्ती करणाऱ्याकडून बार काढून घ्यायचा.

कायदा काय सांगतो?

मित्रांनो, हा भाग नक्की वाचा. शस्त्र कायद्यात 'दारूगोळा' म्हणजे फक्त तयार काडतूस नाही, त्याचे सुटे भागही त्यात येतात. कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला किमान ७ वर्षं ते जन्मठेप एवढी शिक्षा आहे. परदेशातला व्हिडिओ तिथल्या कायद्यात बसतो. तो पाहून ऑनलाइन सामान शोधणं तुम्हाला थेट अडचणीत आणू शकतं.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जुनी काडतुसं आपोआप मरतात का?*
नाही. कोरड्या जागी ठेवलेली काडतुसं कित्येक वर्षं चालतात. उष्णता आणि ओलावा त्यांना बेभरवशाची करतात. बेभरवशाचं म्हणजे निरुपद्रवी नाही, उलट हँगफायरची शक्यता वाढते.

*फुसकं निघालेलं काडतूस आठवण म्हणून ठेवू का?*
अजिबात नाही. त्यातली टोपी आणि दारू अजून जिवंत असू शकते. ते खोलणं, ठोकणं, तापवणं, भंगारात देणं, सगळंच धोक्याचं.

*शेतात, नाल्यात काडतूस किंवा तोफगोळ्यासारखं काही सापडलं तर?*
हात लावू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका, लांबून जागा लक्षात ठेवा आणि ११२ ला फोन करा. २० नोव्हेंबर २०१८ ला वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा भांडाराजवळ जुना दारूगोळा निकामी करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा जणांचा जीव गेला. मुदत संपलेल्या वस्तूने हे केलं. आपल्या हातात सापडलेली वस्तू किती मेलीय, हे आपण बघून सांगू शकत नाही.

*गेममध्ये बंदूक जॅम झाली की लगेच रीलोड करतो, मग खऱ्यात का नाही?*
कारण गेममध्ये हँगफायर नसतो.

थोडक्यात

फुसक्या बाराचं कारण टोपीवरच्या खळग्यात, छिद्रातल्या दाण्यात किंवा केसच्या खांद्यात सापडतं, आणि नोंद ठेवणाऱ्याला ते लवकर सापडतं. पण कारण शोधायला माणूस आधी शाबूत हवा. घरी कोणाकडे परवान्याची बंदूक असेल, तर त्यांना हा लेख वाचून दाखवा, निदान ३० सेकंद आणि एक मिनिटाचा नियम तरी. काही प्रश्न असतील तर खाली विचारा, जेवढं माहीत आहे तेवढं नक्की सांगेन.